एका नावाच्या दोघी

"दोघींचं नाव एकच आहे, म्हणून हाक मारली की जुनीच पुढं येते," असं माझी सून फोनवर म्हणाली आणि माझ्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. रविवारची सकाळ होती. मी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून भाजी निवडत होते. मयूरी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसलेली, पाठ माझ्याकडं, फोन मान वाकडी करून खांद्यात धरलेला, दोन्ही हात बटणांवर. "नवी चांगली धडधाकट आहे रे," ती पुढं म्हणाली, "पण जुनी वाटेत बसलीय ना. नवी आहे हेच त्याला माहीत नाही." त्याला म्हणजे माझ्या तानाजीला, हे मला कुणी सांगायला नको होतं. छत्तीस वर्षं जी गोष्ट मी दाताखाली धरली, ती ही साताऱ्याची पोरगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, आणि तीसुद्धा गॅसचा नंबर लावावा तशा आवाजात. मी म्हणाले, "तुला कुनी सांगितलं गं?" म्हणाले म्हणजे तोंडातून गेलं. मयूरीनं खुर्ची फिरवली, फोनवर तळवा ठेवला.

"काय, आत्या?"

"कोन हाय फोनवर?"

"निमिष. आमच्या साताऱ्याच्या ऑफिसातला. का?"

"काय न्हाई. बोल तू."

ती परत वळली, पण वळायच्या आधी तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. सून शिकलेली असली की हा एक ताप असतो. तिच्यापुढं शब्द सांडून चालत नाही. ती उचलून ठेवते, आणि चार दिवसांनी घडी घालून परत देते.

कोडी घालायची मला सवय नाही, तेव्हा सांगून टाकते. मी हौसाबाई. रेशनकार्डावर हौसाबाई, मतदानाच्या यादीत हौसाबाई, माझ्या तानाजीच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव हौसाबाई. पण तानाजी जन्मला तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची होते, दहिवडीच्या पलीकडं बापाच्या मेंढरांमागं हिंडत होते, आणि माझं नाव धोंडुबाई होतं. तानाजीला जन्म दिला ती हौसाबाई वेगळी. तो आठ महिन्यांचा असताना ती गेली. दीड वर्षानं त्या घरात मला आणलं. लग्नात नाव बदलतात, ते सगळ्यांचंच बदलतात, त्याचं काही नाही. नव्या नवरीचं नाव काय ठेवायचं म्हणून भाऊकीतली माणसं बसली. कुणी लक्ष्मी म्हणालं, कुणी पारू. सासू कोपऱ्यातून म्हणाली, "नवं कशाला पायजे? पोराची आई हौसा. हौसाच म्हना." मालकांनी मान खाली घातली. गूळ वाटला. मी त्या गुळाचा खडा गालात धरून बसले होते आणि मला वाटलं, माझ्या तोंडात दुसऱ्याच कुणाची तरी जीभ आहे. गळ्यात टाक बांधला, मेलेल्या सवतीच्या नावानं बांधतात तो, चांदीचा, नखाएवढा. पुढं सांगलीला आल्यावर तानाजीनं लहानपणी विचारलं, हा कुठला देव? मी म्हणाले, आपला आहे. खोटं नव्हतं.

मालक इथं हळदीच्या वखारीत लागले. गाव दुष्काळानं पांगलं, निम्मी माणसं मुंबईला गेली, उरलेली म्हातारी होऊन मेली. सांगलीत कुणाला काय माहीत? एक बाई, तिचं एक नाव, मांडीवर एक पोर. कागद तर आधीच तयार होते. कागदावर काहीच बदलायला लागलं नाही, याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं, मग राग आला, मग सोयीचं वाटायला लागलं. माझी कूस पुढं उजवली नाही. शेजारणी हळहळल्या. मी म्हणाले, एकच पुरे आहे, तुमच्यासारखी कोंबडीची पिलं कुणाला पाहिजेत. सावत्र हा शब्द मी ह्या घराच्या उंबऱ्यात येऊ दिला नाही. कुणी गोष्ट सांगायला लागलं आणि गोष्टीत सावत्र आई आली, की मी उठून दुधाखालचा गॅस बारीक करायला जायचे, दूध गॅसवर नसलं तरी.

आणि हे असंच गेलं असतं. मालक पाच वर्षांपूर्वी गेले, जाताना काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. पण पंधरा दिवसांपूर्वी तानाजी ऑफिसच्या जिन्यात मटकन खाली बसला. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात आहे तो, टेबलाचं काम. जिना चढताना डोळ्यापुढं अंधारी आली, छातीत धाडधाड झालं, मग आपोआप बरं वाटलं. मयूरीनं त्याला मिरजेला नेलं, मीही गेले. डॉक्टर तरुण होता, नखं स्वच्छ. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला, गाणं ऐकावं तसं डोळे मिटून. मग म्हणाला, "घरात कुणी लहान वयात, अचानक गेलंय का? आई, मामा, आजोबा?" तानाजी हसला. "वडील सत्तरीत गेले. आई ही काय, बसलीय तुमच्यासमोर. अजून भरली बादली घेऊन जिना चढते. आणि अर्जुनामामा दहिवडीला हाय, लोखंडाचा मानूस." डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, एकच आखूड शब्द. "मग तशी घाई नाही," तो म्हणाला. "हृदयाचा एक फोटो काढायचा असतो, पुढच्या महिन्यात काढू. घरात तसं कुणी गेलं असतं तर आजच काढा म्हणालो असतो, आणि पळणं-चढणं एकदम बंद." मी त्या खुर्चीवर बसून पदर सारखा केला.

हौसा पाणी आणताना गेली. चोवीस वर्षांची. आडावरून घागर घेऊन निघाली, मारुतीच्या पाराजवळ आली, घागर हळूच खाली ठेवली म्हणतात, सांडलीसुद्धा नाही, आणि तिच्याशेजारी बसली ती बसलीच. तिचा भाऊ बाळासो सव्विसाव्या वर्षी मेंढी कातरताना तसाच पुढं झुकला, मेंढी अर्धी कातरलेली उठून पळाली. बाप त्याच्या आधी. हे मला सासूनंच सांगितलं होतं, पहिल्या दिवाळीत, करंज्या तळताना. "त्येंच्या घरान्याला खोडच हाय ती," म्हणाली. "काळजाची." मला सगळं पाठ होतं. डॉक्टरनं तर नातंसुद्धा क्रमानं विचारलं होतं, आई, मामा, आजोबा, म्हणजे त्याच्या तोंडून सासूच बोलत होती. आणि मी गप्प बसले. का, तर त्या टेबलावर, त्या गोऱ्या डॉक्टरपुढं, माझ्या पोराच्या तोंडावरचं हसू जाताना मला बघायचं नव्हतं. ते जाऊन त्या जागी काय येतं, ते तर मुळीच नाही. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. भांडी घासलेली परत घासते. तानाजी जिना चढतो तेव्हा पायऱ्या मोजते. एकवीस आहेत. सतराव्या पायरीवर तो हल्ली जरा थांबतो, किल्ली शोधायचं निमित्त करून.

आणि आज तो दंडोबाच्या डोंगरावर निघाला होता. ऑफिसातले चौघं, पायथ्याला गाडी लावून वर चालत. भडंग आणायला बाहेर गेला होता. आला की बूट घालणार आणि जाणार.

मयूरीनं फोन ठेवला. मी मेथी तशीच सोडून बाहेरच्या खोलीत गेले. मला माहीत करून घ्यायचं होतं, हिला किती कळलंय. सरळ विचारीन तर मी कसली. "काय अडलंय एवढं?" मी म्हणाले. "सकाळधरनं त्या डबड्याफुडं बसलीयास. चहाबी प्याली न्हाईस."

"लायब्ररीचं अडलंय, आत्या."

"रविवारी लायब्ररी बंदच असती."

ती हसली. हसताना तिच्या गालाला डाव्या बाजूलाच खळी पडते, उजवी बाजू शिष्ट आहे. "ती नाही. ही आतली. म्हणजे लिहून ठेवलेली कामं असतात. एकानं एकदा लिहायची, बाकीच्यांनी नुसतं नाव घेऊन वापरायची. आणि त्यात क्लास असतो."

"शिकवनी?"

"साचा म्हणा. करंजीचा असतो तसा. मिरजेच्या दवाखान्याचं काम आहे ना, तर पेशंटचा साचा. नाव, गाव, केसपेपरचा नंबर. आणि हा साचा काय काय करू शकतो, तेही त्यातच लिहायचं. मी नव्या लायब्ररीत जन्मतारखेवरून वय काढायचं लिहिलंय. आणि हे डबडं म्हणतंय, असलं काही ह्या साच्याला येतच नाही."

"तू ल्हिवलंयस का पन?"

"हे काय, इथं आहे. माझ्या हातानं लिहिलंय."

"मग खोटं बोलतंय."

"खोटं नाही हो. ते दुसरीकडंच बघतंय. निमिषनं गेल्या वर्षी एक लिहिली होती, ह्याच नावाची. साताऱ्याहून कंडक्टरच्या हाती फ्लॉपी पाठवली, आठवतं? तुम्ही म्हणालात, पापडाएवढ्या वस्तूला सबंध यष्टी. तिच्यातली ती मीच कॉम्प्युटरच्या वरच्या कप्प्यात उतरवून ठेवली आणि विसरले. आता हे वरून खाली शोधत येतं. त्या नावाची पहिली जी सापडेल, तिथं थांबतं. खाली आणखी एक त्याच नावाची आहे, हे बघायला जातच नाही. मग मी हिला वय काढ म्हणते आणि उत्तर देते ती जुनी. तिला बिचारीला वय काढता येत नाही."

म्हणजे ती माझ्याबद्दल बोलत नव्हती. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. मी वाट बघितली, आता वाटेल, मग वाटेल. खिडकीखालून भंगारवाला गेला, त्याची हाक पार कोपऱ्यावर जाऊन विरली, तरी वाटेना. उलट आतून कुणीतरी टेकू काढून घेतल्यासारखं झालं. तिला कळलं असतं तर तिनंच सांगितलं असतं त्याला. मला शिव्या दिल्या असत्या, रडली असती, पण सांगितलं असतं, आणि सांगणारी मी नसते. आता ते परत माझ्याच पदरात आलं होतं, आणि भडंग आणायला माणसाला लागून लागून किती वेळ लागतो. मी तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी, मुंग्यांसारख्या. मी दुसरीत असताना बापानं पाटी काढून काठी दिली, तेव्हा मला जोडाक्षरं यायला लागली होती. इंग्रजी अक्षर माझ्या ओळखीचं नाही. पण जे ती सांगत होती त्यातला शब्द न् शब्द मला कळत होता, आणि कळायला नको होता.

कारण गावात तसंच व्हायचं. आडावर कुणी "हौसे" म्हणून हाक मारली की मी वळायचे, आणि हाक मारणारीचा चेहरा मी वळल्यावर पडायचा. दरवेळी. त्यांना माहीत असायचं मीच वळणार, तरी. मी वाईट भाकरी केली की म्हणायच्या, हौसाच्या हाताला चव होती. म्हणजे माझ्याच नावानं मला सांगायच्या की तू ती नव्हेस. सगळ्यात जीव गेला तो हौसाची आई आली तेव्हा. ती जतकडची, निम्मं कानडी बोलायची, पाण्याच्या टँकरवर बसून आणि मग चालत, अशी दोन दिवसांची वाट करून आली. तानाजी तेव्हा चारेक वर्षांचा. आम्ही सांगलीहून जत्रेला गावी गेलो होतो म्हणून गाठ पडली. म्हातारी दारात उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून. आत मी चुलीपुढं. तिनं हाक मारली, "हौसव्वा." मी ओ दिली. मला दुसरं काय करता आलं असतं? माझं नाव होतं ते. मी ओ दिली आणि म्हातारी दाराच्या चौकटीला धरून खाली बसली, नुसती बसली, आणि मला तेवढ्यात त्या आडावरच्या घागरीची आठवण झाली, जी मी बघितलीसुद्धा नव्हती. जाताना तिनं तानाजीच्या छातीवर तळवा ठेवला होता. बराच वेळ ठेवला. मला वाटलं, माया करते. आता डॉक्टरला डोळे मिटून ऐकताना बघितल्यावर कळतंय ती काय करत होती.

"आत्या, बसा की," मयूरी म्हणाली. "उभ्या का राहिलात? मी ह्यालाच विचारते, तू ही कुठनं उचललीस."

"त्याला इचारता येतं?"

"येतं की." तिनं काहीतरी टकटक केलं. पडद्यावर एक लांब ओळ आली. तिनं तिच्यावर बोट ठेवलं. "हे बघा. वरच्या कप्प्यातली. जुनीच. मी दोन दिवस माझ्या लिहिण्यातली चूक शोधत बसले आणि माझं लिहिलेलं त्यानं उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं."

"मग दोन दिस सांगितलं का न्हाई त्यानं?"

"विचारल्याशिवाय सांगत नाही. आपणहून कोण सांगतं?"

बोलली ती सहज. मला मात्र वाटलं, कानाखाली बसली. मला तर विचारलं होतं. त्या यंत्रापेक्षा मी हलकी ठरले. मी म्हणाले, "मग काय करनार आता जुनीला? काढून टाक." माझा आवाज असा काही आला की तिनं मान वर केली.

"काढून कशी टाकू? मिरजेचं सगळं काम तिच्यावरच चाललंय. आणि नवीत सगळं कुठं आहे? नाव, गाव, नंबर हे मी परत लिहिलंच नाही. ते जुनीकडून यायचंय, वारशानं. जे नवीत नाही, ते वरच्या पिढीत शोध, असं सांगता येतं त्याला. पण दोघींचं नाव एक असलं की ते नातंच सांगता येत नाही. कोण कुणाकडून घेतंय? नावं वेगळी केली, की सरळ लिहिता येतं. हे हिचं, हे तिच्याकडून आलेलं."

मी खाटेच्या कडेवर बसले. पंखा फिरत होता, त्याचं एक पातं जरा वाकडं आहे, दर फेरीला टक करतं. वारशानं. तानाजी डावखुरा. शाळेत मास्तरांनी विचारलं तर मी म्हणाले, आमच्या अर्जुनावर गेलाय. अर्जुना उजव्या हाताचा आहे, त्याला डाव्या हातानं भाकरीसुद्धा मोडता येत नाही. तानाजीच्या भुवया मधोमध जुळलेल्या. मी म्हणाले, माझ्या आज्याच्या अशाच होत्या. आज्याला मी बघितलं नाही. एकेक करून मी त्या पोराच्या अंगावरचं सगळं माझ्या माहेराच्या नावावर करून घेतलं होतं, दात, टाच, झोपेत मूठ वळायची खोड, आणि कुणी हरकत घेतली नाही. हौसाकडं मी काही राहूच दिलं नाही. पण ती हुशार. एक वस्तू तिनं अशा जागी ठेवली, जिथं माझा हात पोचला नसता. छातीच्या आत. आणि ओवी, माझी नात, तीही झोपेत मूठ वळते. कालच मी तिचं बोट उलगडत होते.

"आत्या," मयूरी पडद्याकडंच बघत म्हणाली, "मघाशी तुम्ही काय विचारलंत? कुणी सांगितलं म्हणून?"

"कवा?"

"मी फोनवर असताना."

"तुझे कान लय लांब हायेत. वय काढायचं म्हनतीस न्हवं, मग ज्याला जन्मतारीखच न्हाई त्याचं कसं काढनार? माझी कोन सांगनार तुला?"

"तुमचं वय आम्ही अंदाजे घालतो," ती हसून म्हणाली. "मिरजेला येणारे निम्मे तसेच. कुणी दुष्काळ सांगतं, कुणी भूकंप." पण ती वळली, आणि हसू तिच्या एका गालावर तसंच राहिलं, दुसरा गाल माझ्याकडं बघत होता. ती आणखी काहीतरी विचारणार, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मी मोजायला लागले. मोजायचं नव्हतं. चौदा, पंधरा, सोळा, सतरा. थांबला. किल्ल्या वाजल्या. दार उघडंच होतं, आणि त्यालाही ते माहीत होतं. मग चार पायऱ्या, आणि तानाजी आत आला, हातात भडंगाच्या दोन पिशव्या, कपाळाला घाम, दारातून येताना हसत. तोंड जरा पांढरं वाटलं मला. उजेडामुळं असेल. माझं पोर देखणं आहे, हे मी आई म्हणून बोलत नाही, सगळी गल्ली म्हणते.

"सिद्धू गाडी घेऊन खाली उभा हाय," तो म्हणाला आणि स्टुलावर बसून कॅनव्हासचे बूट ओढले. "मयूरी, पाण्याची बाटली दे गं. आई, जेवायला थांबू नगंस, वरच खानार."

खाली हॉर्न वाजला. त्यानं डावा बूट चढवला, नाडी बांधली. नाडी बांधायला वाकला तेव्हा त्याच्या मानेचं हाड दिसलं, लहानपणी आंघोळ घालताना दिसायचं तसं. आठ महिन्यांचा असल्यापासून त्याला सासूनं सांभाळलं आणि माझ्या हातात दिला तेव्हा त्याला चालता येत होतं. पहिल्या दिवशी माझ्याकडं आला नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि माझ्या टाकाला धरून उभा राहिला. मी मनात म्हणाले, आला. एवढंच. तो आला. माझी ही एकच कमाई होती आणि ती मी आता माझ्या तोंडानं घालवणार होते, भरदिवसा, भडंगाच्या पिशव्यांपुढं. वाटलं, जाऊ दे. आजवर काही झालं नाही. मग वाटलं, हौसाच्या आईनंही असंच म्हटलं असेल, बाळासो मेंढरं कातरायला निघाला तेव्हा.

"तुझी आई पानी आनताना गेली," मी म्हणाले.

"आँ?" तो उजव्या बुटात पाय घालत होता.

"तुझी आई. हौसाबाई. चोवीस वर्साची हुती. पारापाशी बसली आन् गेली."

त्यानं वर बघितलं आणि हसला. "हौसाबाई म्हंजे तूच की. सकाळपास्नं काय खाल्लं न्हाईस काय? मयूरी, आईला बघ गं, उनानं कायतरी बरळाय लागलीया." आणि परत नाडीकडं वाकला.

सगळी तयारी मी त्या एका वाक्याची केली होती, पंधरा दिवस, भांडी घासता घासता, आणि ते वाक्य त्याच्यापर्यंत गेलंच नाही. त्यानं त्या नावाची पहिली बाई शोधली आणि ती समोर सापडली, मेथी निवडून हिरवी झालेल्या बोटांची, आणि तो तिथं थांबला. जन्मभर त्या नावानं हाक मारली की ती पुढं यायची. आज पहिल्यांदा मी तिला हाक मारली, तर मीच उभी. कुणाचं नाव घेऊन सांगू? तिला दुसरं नावच नव्हतं. तिचं होतं ते मी घेऊन बसले होते.

बटणांचा आवाज थांबला होता. मयूरी खुर्चीतून उठून उभी राहिली. "आत्या," ती हळू म्हणाली, "दोघी होत्या?"

मी मान हलवली.

"अहो," ती तानाजीला म्हणाली, "बूट घालू नका."

"आता तुला काय झालं?"

"त्या डाक्टरनं इचारलं हुतं," मी म्हणाले. आता थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. "आई, मामा, आज्या. तिघंबी तसंच गेल्यात. तुझा मामा बाळासो सव्वीस वर्साचा हुता. बसल्या जागी."

"मामा? अर्जुनामामा तर..."

"अर्जुना माझा भाऊ हाय. तुझा मामा न्हवं."

हे मी म्हणाले. ह्यापेक्षा त्याच्या थोबाडीत मारलेली बरी. त्याच्या हातातली नाडी सुटली. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि जे हसू जाताना मला बघायचं नव्हतं, ते गेलं. घाईनं गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, तोंडावर थोडा वेळ उरलं, मग तिथूनही. त्याच्या जागी काय आलं, ते मला ओळखता येईना. मी अडतीस वर्षांच्या माणसाचं तोंड बघत होते आणि ते माझ्या घरातल्या कुणासारखंच नव्हतं. ते तिच्यासारखं असेल. मी तिला बघितलेलं नाही. खाली सिद्धूनं लागोपाठ दोन हॉर्न दिले. मयूरी खिडकीशी गेली आणि त्याला हातानं जा म्हणाली. तो काहीतरी ओरडला, ती परत जा म्हणाली. मग येऊन तिनं फोन उचलला आणि मिरजेचा नंबर फिरवायला लागली, कुणाला काही न विचारता. हिला मी साताऱ्याची शिष्ट म्हणत आले.

तानाजीनं छातीवर हात ठेवला नाही. मला वाटत होतं, ठेवेल. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. एक बूट बांधलेला, दुसऱ्यात पाय अर्धा. मग त्यानं विचारलं, आणि आवाज असा होता, जसा पहिलीतला पोर वर्गात नव्या पोराला विचारतो.

"ती हौसाबाई. मग तुझं नाव काय?"

ह्या घरात मला हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. नाव ओठांपर्यंत आलं, तिथं जरा थांबलं.

"माझं मागनं सांगते," मी म्हणाले. "आधी बूट काढ."